चराईपट्टीपासून चराई अनुदानापर्यंत : माहूरच्या निमित्ताने मेंढरांचा इतिहास

माहूर म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांसमोर ठरावीक चित्रे उभी राहतात. रेणुकामातेचे शक्तिपीठ, दत्तशिखर, पैनगंगेच्या काठचा तो प्रचंड किल्ला आणि १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेबरोबर असलेली माहूरची रायबागन. या धाग्यात यांपैकी कोणाचीही कथा नाही. हा धागा मेंढरांविषयी आहे. कंटाळवाणा वाटेल म्हणून पुढे सरकू नका. सम्राट अशोकापासून निजामापर्यंत सर्वांनी या जनावराची दखल घेतलेली आहे.

आधी आजची गोष्ट. महाराष्ट्र शासन 'राजे यशवंतराव होळकर महामेष योजना' चालवते. तिच्याशी जोडलेले एक चराई अनुदान आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये, मेंढपाळ कुटुंबाला द्यायचे. अट अशी की कुटुंबाकडे किमान २० मेंढ्या आणि १ मेंढानर असावा.

बातमी म्हणून पाहिले तर ही अनेक सरकारी योजनांपैकी एक. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र यात एक नवल दिसते. या भूमीवर शेकडो वर्षे चराईचा पैसा एकाच दिशेने वाहत आला : मेंढपाळाकडून सरकारकडे. तो उलट दिशेने वाहू लागला, याला जेमतेम काही वर्षे झाली. हे कसे घडले, आणि या पैशातून खुद्द मेंढीच्या वाट्याला काय येते, हा आपला प्रश्न.

सुरुवात अशोकापासून करावी लागते. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची एक लांबलचक यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ अशी नावे झाल्यावर तीत एक वेगळे कलम येते. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी आणि डुकरीण मारू नये. सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिल्लेही मारू नयेत. हा लेख राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षाचा. मेंढीच्या जिवाची काळजी घेणारी, दगडावर कोरलेली आपल्याकडची ही अतिप्राचीन राजाज्ञा.

'अशोक कुठे आणि आमचे माहूर कुठे' असे कोणी म्हणेल. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकचा शिलालेख सांगतो. एकाच शिळेवर दोन काळांतील मजकूर आहेत : एक वाकाटक रुद्रसेनाचा आणि त्याहून कितीतरी जुना दुसरा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या जुन्या लेखाचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला. त्याचा विषय काय, तर प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास बंदी. म्हणजे विदर्भाच्या मातीतही ही आज्ञा घुमली होती.

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. अशोकाची आज्ञा मेंढीला वाचवते. मेंढपाळाला काही देत नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राचा सूर निराळा, हिशेबी आहे. तेथे राजाचे स्वतःचे कळप आहेत आणि त्यांच्यावर गोऽध्यक्ष नावाचा अधिकारी. गुराख्यांनी वासरे, म्हातारी आणि आजारी जनावरे यांची शुश्रूषा करावी, चराईच्या रानातून चोर आणि श्वापदांचे भय आधी दूर करावे, बुजऱ्या जनावरांच्या गळ्यात घंटा बांधावी, असे बारकावे आहेत. शेळ्या-मेंढ्यांची लोकर दर सहा महिन्यांनी उतरवावी, हाही नियम तेथेच सापडतो. दख्खनच्या धनगरवाड्यांत वर्षातून दोनदा लोकर कातरण्याची चाल आहेच. कौटिल्याचे काळजीचे तत्त्व साधे होते : जनावर ज्याचे, काळजी त्याची. राजाच्या कळपाची काळजी राजा घेई. प्रजेच्या कळपाकडून तो भाग घेई.

आता मोठी उडी मारून सोळाव्या शतकात येऊ. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले आणि अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात माहूर हे एक 'सरकार' म्हणून नोंदले गेले. माहूरच्या किल्ल्याची आणि शेजारच्या देवीच्या मंदिराची नोंद करून झाल्यावर अबुल फजलने आवर्जून काय सांगावे? येथील म्हशी उत्तम आणि भरपूर दूध देणाऱ्या, हे! साम्राज्याच्या दप्तरात माहूर शिरले ते किल्ला, देवी आणि दुभते यांसह. मला ही नोंद फार आवडते. ज्या रानात असे दुभते होते, तेथे गवत किती असेल याचा अंदाज त्या एका ओळीवरून बांधता येतो.

शेजारच्या वाशीम सरकारात अबुल फजल हटकरांचा उल्लेख करतो. अभिमानी, न नमणारे लोक. १,००० घोडेस्वार आणि ५,००० पायदळ बाळगणारे. हे हटकर म्हणजे धनगरांचीच एक शाखा. मेंढपाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काठी टेकून उभा असलेला गरीब माणूस येतो. सोळाव्या शतकात पैनगंगेच्या खोऱ्यात तो भाला घेऊन घोड्यावर बसलेला होता. पुढे १८१९ मध्येही नौसाजी नाईक या हटकर नायकाची नव्ह्याची गढी घेण्यासाठी मेजर पिटमनला हैदराबादची कवायती फौज आणि तोफा आणाव्या लागल्या. तो एका स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

कराकडे वळू. जनावरांची गणती करून त्यांवर कर घेण्याची रीत मोगलाईत होती. अकबराने माफ केलेल्या करांच्या यादीत 'गाव-शुमारी' हे नाव आढळते. यातील 'गाव' म्हणजे फारसीतले गाय-बैल. मराठी गावाशी त्याचा संबंध नाही. मराठी अमदानीत वनचराई आणि म्हैसपट्टी या बाबी जमाबंदीत दिसतात. राज्ये बदलली, भाषा बदलल्या, पण रानात जनावर चारायचे तर काहीतरी मोजायचे, हे सूत्र कायम राहिले. त्या मोबदल्यात मेंढपाळाला एक गोष्ट निश्चित मिळत असे : रान.

हे समीकरण मोडले एकोणिसाव्या शतकात, आणि माहूर हे ते मोडताना पाहण्याची उत्तम जागा आहे. कारण १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगा ही सरहद्द बनली. उत्तर तीरावर यवतमाळकडचा इंग्रजी अंमल, दक्षिण तीरावर माहूरकडची निजामशाही. नदी एक, गवत एक, मेंढरू एक, कायदे दोन.

इंग्रजी मुलखात १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला. गावोगावचे कोंडवाडे हे त्याचेच अपत्य. कोंडवाड्यात अडकलेल्या जनावराच्या दंडाचा तक्ता या कायद्यातच दिलेला होता : हत्तीला दोन रुपये, उंट किंवा म्हशीला आठ आणे, बैल-गाईला चार आणे, गाढव-डुकराला दोन आणे आणि मेंढी, शेळी, कोकरू यांना प्रत्येकी एक आणा. एक आणा ऐकायला किरकोळ वाटतो. पण शेताच्या बांधावरून बैल गेला तर एकच जातो. मेंढरू गेले की कळप जातो. शंभर मेंढ्या म्हणजे शंभर आणे, म्हणजे सव्वासहा रुपये, शिवाय कोंडवाड्यातील चाऱ्या-पाण्याचा खर्च वेगळा. तक्त्यातील सर्वांत स्वस्त जनावर मालकाला सर्वांत महाग पडत असे.

त्यानंतर १८७८ चा वन कायदा. राखीव जंगल ही कल्पना त्याने पक्की केली. १८९४ च्या वनधोरणाच्या ठरावात शेतकऱ्यांच्या गरजांना, म्हणजे सरपण, चारा आणि चराई यांना, तत्त्वतः मान दिला होता. पण यात शेतकरी केंद्रस्थानी होता. मध्य प्रांतात तर चराईचे दर तीन पायऱ्यांवर ठरत : सवलतीचा, साधारण आणि व्यापारी. शेतीला बैल लागतात, म्हणून त्यांना सवलत. ज्याचे पोटच कळपावर, ज्याच्या नावावर जमीन नाही, तो वरच्या पायरीवर ढकलला जाई. सरकारी दृष्टीने मेंढपाळ हा रानाचा वापर करणारा व्यापारी ठरला. फिरत्या माणसाला वसाहतकालीन राज्यव्यवस्थेने कधी ओळखलेच नाही असे माझे मत आहे. तिला ओळख पटायची ती सातबाऱ्यावरच्या नावाची.

दक्षिण तीरावर तरी बरे होते का? नव्हते. माहूर ज्या किनवट तालुक्यात होते, तो तालुका तेव्हा हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मराठवाड्याच्या नांदेड जिल्ह्यात तो १९५६ मध्ये आला. याच आदिलाबाद जिल्ह्यात राखीव जंगलांच्या हद्दी, चराईचा व सरपणाचा कर आणि वनशिपायांचा जाच यांविरुद्ध कोमराम भीम उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. भीमाचा लढा आपण 'जल, जंगल, जमीन' या शब्दांनी ओळखतो. त्या लढ्याच्या मुळाशी जनावरामागे मोजावा लागणारा चराईचा पैसाही होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

येथे जरा थांबून सरकारच्या बाहेर पाहू. कारण मेंढपाळाला पैसे देण्याची कल्पना शासनाने शोधलेली नाही. ती शेतकऱ्याने शोधली, आणि फार जुनी आहे.

सुगी झाली, शेते मोकळी झाली की धनगरांचे वाडे गावात येतात. इथे वाडा म्हणजे दगडी चौसोपी घर नव्हे; घोड्यांवर सामान लादून चालणारी काही कुटुंबे आणि त्यांची मेंढरे म्हणजे वाडा. शेतकरी त्यांना आपल्या शेतात 'मेंढरे बसवायला' सांगतो. रात्री शेतात वाघर लावायची, म्हणजे दोरखंडाचे जाळीदार कुंपण, आणि त्यात कळप बसवायचा. सकाळी त्या तुकड्यावर लेंडीखत आणि मूत्र यांचा थर पडलेला असतो. दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकते. काही रात्रींत सारे शेत खतवून निघते. मोबदल्यात पूर्वी धान्य मिळे. आता बहुधा रोख रक्कम मिळते, किती रात्री आणि किती मेंढरे यावर ती ठरते.

या व्यवहारात कोणी कोणावर उपकार करत नाही. शेतकऱ्याला खत हवे, मेंढीला धसकटे आणि पाला हवा, मेंढपाळाला धान्य हवे. त्यात मेंढीची काळजीही आपोआप अंतर्भूत आहे; उपाशी मेंढी खत देत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. गुन्थर सोनथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या बिरोबा-म्हस्कोबांचा माग काढताना दख्खनचा इतिहास स्थिर शेतकरी आणि फिरता मेंढपाळ यांच्या देवाणघेवाणीतून वाचला. खंडोबाच्या दोन बायका आठवा : म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. एक घरात, एक रानात. ही कथा सांगणाऱ्या लोकांना अर्थव्यवस्था चांगली समजत होती.

पण हा व्यवहार आठ महिन्यांचा आहे. मृग लागला, पेरणी झाली की शेते बंद. बांधाला मेंढरू लागले तरी भांडण. उरते गायरान, पडीक माळ आणि जंगल. गायराने आक्रसली आहेत आणि जंगलात १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे राखीव क्षेत्रात परवानगीविना जनावर चारणे हा गुन्हा आहे. माहूरजवळच्या पैनगंगेच्या काठी तर अभयारण्यही आहे. अनुदानाचे चार महिने जूनपासून सप्टेंबरपर्यंतच का, याचे उत्तर हे आहे. बाकीच्या आठ महिन्यांत शेतकरी आणि धनगर आपापसांत भागवून घेतात. चार महिने कोणीच कोणाचे नसते.

आणि हेच चार महिने मेंढीच्या जिवावरही उठतात. दख्खनी मेंढी ही कोरड्या मुलखाची. काळी, काटक, मैलोन्मैल चालणारी, भरड लोकरीची. त्याच लोकरीची घोंगडी होते. सणगर ती विणतात आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ करतात. हे जनावर ऊन सोसते, उपास सोसते, पण सततची ओल सोसत नाही. काळ्या मातीचा चिखल खुरांच्या बेचक्यात बसतो, खूर सडतात, मेंढी लंगडते आणि लंगडी मेंढी कळपामागे राहते. भिजलेल्या लोकरीने कोकरांना फुफ्फुसाचा दाह होतो. पाणथळ जागचे गवत खाल्ल्याने पोटात यकृतकृमी जातात. पहिल्या पावसानंतरचे कोवळे, लुसलुशीत गवत अधाशीपणे खाल्ले की आंत्रविषार होतो आणि आदल्या दिवशी धडधाकट असलेली मेंढी सकाळी मेलेली सापडते. त्याची लस पावसाळ्याआधी द्यावी लागते. माहूर-किनवट हा तर मराठवाड्यातील सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. नांदेड जिल्ह्यातील सरकारी मेंढी-शेळी प्रक्षेत्र कोरडवाहू मुखेडला आहे, माहूरला नाही, हे लक्षात घ्या.

ते प्रक्षेत्र ज्याचे, त्या महामंडळाची स्थापना १९७८ ची. आज त्याचे नाव 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ', मुख्यालय पुण्यात. रांजणी, महूद, दहिवडी, पडेगाव, अंबाजोगाई, तीर्थ, पोहरा अशा ठिकाणी त्याची प्रक्षेत्रे आहेत. सुरुवातीच्या काळात या साऱ्या खटाटोपाचा शब्द होता 'विकास'. चांगले नर पैदा करायचे, ते वाटायचे, लोकर सुधारायची, वजन वाढवायचे. मेंढी येथे उत्पादनाचे साधन आहे. तिच्या सुखदुःखाचा विचार १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याकडे सोपवलेला. तोही मुख्यतः 'काय करू नये' हे सांगणारा.

मग आले २०१७. त्या वर्षी जूनमध्ये महाराष्ट्राने महामेष योजना जाहीर केली : २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान. त्याच जूनमध्ये पलीकडच्या तेलंगणाने गोल्ला-कुरुमा समाजासाठी मेंढीवाटप योजना सुरू केली : २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान, एका गटाची किंमत १ लाख २५ हजार रुपये. एकेकाळी एकाच आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या दोन भागांत, दोन राज्यांनी, एकाच महिन्यात, वीस अधिक एक हाच हिशेब मांडला. तेलंगणाची योजना आकाराने प्रचंड होती. तिच्या तपासणीत महालेखापरीक्षकांना मेंढ्या वाहून नेल्याचे दाखवलेली काही वाहने दुचाकी आणि रुग्णवाहिका असल्याचे आढळले. यात हसण्यासारखे आहे, पण दुसरी बाजूही पाहावी. मेंढ्या खरोखर नेल्या असत्या, तरी परमुलखातील वीस-वीस मेंढ्या उन्हाळ्याच्या शेवटी शेकडो किलोमीटर ट्रकने नेऊन, पाऊस तोंडावर असताना नव्या मालकाच्या दारी उतरवायच्या, यात जनावराचा विचार कितपत होता? १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत मेंढ्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. योजनांच्या गाजावाजात ते कोणाला आठवत नाही.

महाराष्ट्राच्या योजनेला मी थोडे अधिक गुण देईन, आणि ते तिच्या दुय्यम कलमांसाठी. संतुलित खाद्यासाठी अनुदान, मुरघासासाठी व चाऱ्याच्या गासड्या बांधण्याच्या यंत्रांसाठी ५० टक्के अनुदान, आणि पुढे भूमिहीन मेंढपाळाला अर्धबंदिस्त पालनासाठी जागा घ्यायला मदत. २०१९ मध्ये धनगर समाजासाठीच्या योजनांच्या मोठ्या घोषणेत पावसाळी चराई अनुदानही आले. राखीव रानाचे दार बंद झाल्यावर तिथला चारा बाजारात विकत घ्यावा लागतो, ही गोष्ट शासनाने त्यातून मान्य केली. मला हे २४,००० रुपये दानापेक्षा भाड्यासारखे वाटतात : काढून घेतलेल्या रानाचे, फार उशिरा सुरू झालेले भाडे.

होळकरांचे नाव का, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. मल्हाररावांचे बालपण मेंढरांमागे गेल्याची परंपरा सर्वश्रुत आहे. यशवंतरावांनी १८०२ मध्ये हडपसरला पेशवा-शिंद्यांच्या फौजा मोडल्या आणि १८०५ पर्यंत इंग्रजांना दमवले. योजनेच्या नावातला 'मेष' मात्र संस्कृत. राशीत आपण तो रोज वाचतो. मराठीत बोलताना मेंढाच म्हणतो.

आता जरा जग पाहू. आयर्लंडने २०१६ च्या अखेरीस 'मेंढी कल्याण योजना' आणली. प्रजननक्षम मेंढीमागे १० युरो. पण पैसे नुसत्या संख्येवर मिळत नव्हते. ठरवून दिलेल्या कामांच्या यादीतून शेतकऱ्याने कामे निवडायची आणि ती केल्याची नोंद ठेवायची : लंगडेपणावर नियंत्रण, जंतनिर्मूलन, माश्यांच्या अळ्यांपासून बचाव, खनिजद्रव्यांचा पुरवठा, गाभण मेंढ्यांची तपासणी. यामागे विचारांची एक परंपरा आहे. १९६५ मध्ये ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीने म्हटले की पाळीव जनावराला निदान उभे राहता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. त्यातूनच पुढे प्राण्यांच्या 'पाच स्वातंत्र्यां'ची मांडणी झाली : भूक-तहान, गैरसोय, वेदना व रोग आणि भय यांपासून मुक्ती, तसेच स्वाभाविक वर्तनाची मोकळीक.

आपल्या चराई अनुदानात असे काही नाही. कुटुंबाकडे वीस अधिक एक आहेत का, एवढेच पाहिले जाते. जून महिन्यात लस दिली का, खुरे तपासली का, चिखलाबाहेर बसायला जागा आहे का, हे कोणी विचारत नाही. आयरिश नमुना जसाच्या तसा येथे आणावा असे मी मुळीच म्हणणार नाही. तेथील मेंढी कुंपणाच्या आत चरते, मालकाचे नाव नकाशावर असते. येथे वाडा आज पुसदकडे, पंधरवड्याने उमरखेडकडे. नोंदवही ठेवायची कोणी आणि तपासायची कोणी? उलट पाचव्या स्वातंत्र्याच्या, म्हणजे स्वाभाविक वर्तनाच्या, कसोटीवर आपली चालती, निवडून खाणारी, कळपात राहणारी मेंढी बंदिस्त मेंढीपेक्षा सरसच ठरेल. मात्र पाच-सहा तासांच्या अंतरावर जनावरांचा फिरता दवाखाना आणि मोसमाआधी आंत्रविषाराची लस, एवढे अनुदानाला जोडले असते तर रकमेत वाढ न करताही मेंढीच्या पदरात काही पडले असते.

आणखी एक अडचण, जी माहूरमध्ये विशेष जाणवावी. महामेष ही भटक्या जमाती (क) प्रवर्गासाठी, म्हणजे धनगर व तत्सम समाजांसाठी आहे. हटकर त्यात आले. पण माहूर-किनवटच्या टेकड्यांत जनावरे राखणारे केवळ धनगर नाहीत. बंजारा विमुक्त जाती (अ) मध्ये, गोंड अनुसूचित जमातीत. विदर्भात कच्छचे रबारीही मेंढ्यांचे कळप घेऊन पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. त्यांचा दाखला तर दुसऱ्याच राज्याचा. अबुल फजलनेही वाशीमच्या वर्णनात हटकरांपाठोपाठ बंजाऱ्यांची नोंद केली होती. चिखल सर्वांच्या मेंढ्यांना सारखाच लागतो. अनुदान दाखल्याप्रमाणे लागते. समाजाला न्याय देण्यासाठी आखलेली योजना आणि जनावराच्या कल्याणासाठी आखलेली योजना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही हव्यात. पण एकीचे नाव दुसरीला देऊन चालत नाही.

लांडगा किंवा बिबट्याने मेंढी मारली तर वन विभाग भरपाई देतो. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मेंढी किंवा शेळीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम. त्यासाठी वेळेत कळवायचे आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवायचे नाही. घर असलेल्या माणसाला हे जमते. वाड्याला पहाटे पुढे निघायचे असते; एका मेलेल्या मेंढीपाशी थांबले तर उरलेल्या दीडशे उपाशी राहतात. पुष्कळदा ते चालू लागतात.

शेवटी दोन कायद्यांची कलमे सांगून थांबतो, कारण चर्चेत ती फारशी येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३३-अ कलमानुसार अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटर परिसरात असलेल्या पाळीव जनावरांचे संसर्गजन्य रोगांविरुद्ध लसीकरण करण्याची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकावर आहे. हेतू वन्यप्राण्यांना वाचवण्याचा, लाभ मेंढीलाही. पैनगंगा अभयारण्याच्या कडेने जाणाऱ्या वाड्यांना हे कलम माहीत करून द्यायला हवे.

दुसरे, २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम ३(१)(ड) मध्ये चराईचा सामूहिक हक्क आहे, तोही स्थायिक आणि स्थलांतरित दोहोंचा, आणि भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा उल्लेख तेथे शब्दशः केलेला आहे. आदिवासी नसलेल्यांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, त्या जंगलातील वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. ही ७५ वर्षे १३ डिसेंबर २००५ वरून मागे मोजायची असतात, म्हणजे आपण १९३० मध्ये पोहोचतो. तेव्हा माहूर हैदराबाद संस्थानात, आणि चराईची दप्तरे उर्दूत. वाडा त्या सालीही पैनगंगा ओलांडत होता, हे सिद्ध करू शकणारा कागद कोणता? बहुधा एकच : चराईपट्टी भरल्याची पावती, कोणाच्या आज्याने जपून ठेवली असेल तर.